परसातील कोंबड्या : त्यांची खुराडी व त्यांचे आरोग्य

म्हैस मेली तर शेतकऱ्याच्या घरी दोन दिवस चूल धड पेटत नाही. परंतु दहा कोंबड्या एका आठवड्यात मेल्या तर "हवा वाईट आहे" एवढेच उद्गार निघतात, डालगे पालथे घालून ठेवले जाते, आणि पावसाळा सरल्यावर बाजारातून नवीन पिल्ले आणली जातात. पुढील पावसाळ्यात पुन्हा तोच प्रकार. वास्तविक गावठी कोंबडी झाली तरी ती वर्षास साठ ते ऐंशी अंडी देते. दहा कोंबड्यांची सहाशे-सातशे अंडी म्हणजे मुलाबाळांच्या घरात काही सामान्य गोष्ट नव्हे. शिवाय हे उत्पन्न बहुतेक घरी बायकामाणसांच्या हाती असते, व त्यातून शाळेची वही, औषधाची बाटली, पाहुण्याचा पाहुणचार निघत असतो. त्याची नोंद कोठे होत नाही, म्हणून ते बुडाले तरी कोणास दिसत नाही. आयुष्यभर महसुली दप्तरात नोंदी करण्यात गेल्यामुळे असल्या बिननोंदीच्या नुकसानीकडे माझे लक्ष अधिक जात असावे.

प्रस्तुत लेखाचा विषय ती "वाईट हवा" हाच आहे. ती समुद्रावरून किंवा आकाशातून येते अशी सर्वसाधारण समजूत आहे; परंतु वेसाव्यास जे पाहावयास मिळते त्यावरून असे म्हणणे भाग पडते की, ती बहुतांशी आपणच चार फळ्या ठोकून तयार केलेली असते.

वेसावे, म्हणजे नकाशावरील वर्सोवा, हे अंधेरीच्या पश्चिमेस एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस मालाडची खाडी यांच्यामध्ये वसलेले कोळ्यांचे जुने गाव. तरीतून खाडी ओलांडली की पलीकडे मढ. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व हवेतील दमटपणा उन्हाळ्यातही सुटत नाही. वाचकांपैकी पुष्कळांची शेतीवाडी घाटावर, कोरड्या मुलखात असेल, व त्यांस वाटेल की वेसाव्याच्या कोंबड्यांशी आपणास काय कर्तव्य आहे? परंतु जे दोष घाटावर दोन वर्षांत दिसतात ते येथे दोन आठवड्यांत दिसतात. खुराडे नीट आहे की नाही याची परीक्षा घेण्यास याहून कडक परीक्षक मिळणे कठीण. येथे टिकेल ते खुराडे कोठेही टिकेल.

आमच्या शेजारच्या एका मावशींस मी विचारले की, दरसाल श्रावणात कोंबड्या मरतात त्याचे कारण काय? त्या म्हणाल्या, "भाऊ, पावसाची हवाच वायट, कोंबऱ्या टिकत नाय." त्यांचे खुराडे भिंतीस टेकून जमिनीवरच मांडलेले होते. तीन बाजूंनी जाड फळ्या, वर पत्रा, आणि पुढील जाळीवर थंडी लागू नये म्हणून गोणपाट सोडलेले. आत नऊ कोंबड्या व दोन कोंबडे. सकाळी दार उघडले तेव्हा जो नवसागरासारखा झोंबरा वास आला त्याने माझ्या डोळ्यांस पाणी आले.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आमच्या आजीच्या काळी कोंबड्यांस कसले आले खुराडे? त्या दिवसभर उकिरड्यावर चरत, रात्री फणसावर किंवा पडवीच्या वाशावर बसत, आणि वर्षानुवर्षे जगत. हे म्हणणे खोटे नाही. त्यात फक्त एक गोष्ट विसरली जाते. आजीचे परसू मोठे होते. कोंबडीची विष्ठा दहा गुंठ्यांत विखुरली जाई, तीवर ऊन पडे, व ती वाळून जाई. झाडावर किंवा वाशावर बसलेल्या कोंबडीच्या चारी बाजूंनी वारा खेळत असे. आज परसू वाटण्यांत व बांधकामांत आटून दोन-चार हात राहिले. कोंबड्यांची संख्या तेवढीच राहिली, व चोर आणि मांजरे यांच्या भयाने त्या पेटीत कोंडल्या गेल्या. रीत जुनी राहिली, पण ज्या जागेमुळे ती चालत होती ती जागा राहिली नाही.

कोंबडीचे शरीर आपल्याहून वेगळ्या तऱ्हेचे आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून तिच्यासाठी घर बांधता येणार नाही. तिच्या अंगातील उष्णता साधारणपणे १०६ ते १०७ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यास जो कडक ताप तो तिचा नित्याचा. तिला घाम येत नाही. अंगातील उष्णता ती चोच उघडून धापा टाकून बाहेर घालविते, व हवा दमट असली म्हणजे हा उपायही अर्धवट चालतो. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर कोंबडीस थंडीपासून जपावे लागते ही कल्पना समूळ टाकून दिली पाहिजे. पिसांचा अंगरखा तिने बारमाही घातलेलाच आहे. तिला बाधते ते दोन गोष्टींनी: अंगावर येणारी पावसाची झड, आणि कोंडलेली ओली हवा. पहिलीच्या भयाने आपण दुसरी निर्माण करतो.

एक मोठी कोंबडी दिवसास शंभर ते दीडशे ग्रॅम विष्ठा टाकते, व तीत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. दहा कोंबड्यांची विष्ठा दररोज किलोहून अधिक झाली, व तिच्यातील पुष्कळसा भाग रात्रीच, खुराड्यातच, पडतो. कोंडलेल्या जागेत हे पाणी जाणार कोठे? ते भुशात मुरते, भुसा कुजतो, व त्यातून अमोनिया वायू सुटतो. तो प्रथम जमिनीलगत, म्हणजे नेमका कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर, साचतो. आपण उभे राहून वास घेतो व "फारसा नाही" म्हणतो. खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक नेले म्हणजे खरी स्थिती कळते. आपल्या नाकास तो वास स्पष्ट येऊ लागला की कोंबडीच्या डोळ्यांस व श्वासनलिकेस इजा पोचू लागली असे समजण्यास हरकत नाही. घशातील नाजूक अस्तर एकदा खराब झाले म्हणजे कोणत्याही श्वसनरोगास दार सताड उघडेच. मग पावसाळ्यात कोंबड्या घुरघुरू लागतात, डोळ्यांत फेस येतो, व आपण दुकानातून औषधाची पुडी आणून पाण्यात कालवितो. पुडीने चार दिवस बरे वाटते, पण खुराडे तेच असते.

आता दहा कोंबड्यांचे खुराडे कसे असावे ते सांगतो. लांबी पाच फूट व रुंदी चार फूट पुरे. म्हणजे रात्रीपुरती प्रत्येकीस दोन चौरस फूट जागा आली. दिवसा त्या बाहेर मोकळ्या असाव्यात हे गृहीत धरले आहे. दिवसभर कोंडून ठेवावयाच्या असल्या तर याच्या दुप्पट जागाही अपुरी पडेल. उंची पुढे चार फूट व मागे तीन फूट ठेवावी, जेणेकरून छपरास उतार मिळेल. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तळ जमिनीपासून अडीच फूट उंच, चार खांबांवर असावा. ज्यांनी २६ जुलै २००५ चा दिवस पाहिला आहे त्यांस याचे कारण सांगण्याची गरज नाही. त्या दिवशी सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. परंतु असा प्रलय आयुष्यात एकदा येतो. जमिनीची ओल मात्र दर पावसाळ्यात वर चढते, आणि घुशी तर दररोज रात्री येतात.

तळ फळ्यांचा अखंड करू नये. बांबूच्या इंचभर रुंद कामट्या अर्धा-पाऊण इंच फट ठेवून ठोकाव्यात, म्हणजे विष्ठा खाली पडते व वारा खालून वर जातो. कामट्यांच्या धारा तासून गुळगुळीत केल्या पाहिजेत. नाही तर तळव्यास जखम होऊन त्याचा कठीण फोड होतो व कोंबडी लंगडू लागते. खालच्या जमिनीवर राख व विझवलेला चुना पसरावा आणि खांबांभोवती जाळी मारावी, म्हणजे कोंबड्या खाली शिरून तीच घाण उकरणार नाहीत. आठवड्यास एकदा ते खत ओढून काढावे. हे खत नत्राने इतके तेज असते की ताजे घातले तर रोपांची मुळे जळतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजविल्यावर नारळीस घालावे.

भिंतींविषयी आमच्या लोकांची समजूत घालणे सर्वांत अवघड जाते. पावसाची झड नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येते. म्हणून तेवढ्या बाजू कारवीच्या कुडाने किंवा फळ्यांनी बंद कराव्यात, व त्यांतही छपरालगत वीतभर जाळीची पट्टी सोडावी, कारण गरम ओली हवा तेथूनच बाहेर पडते. राहिलेल्या दोन बाजू वरपासून खालपर्यंत जाळीच्या असाव्यात. जाळीचा डोळा अर्ध्या इंचाहून मोठा नसावा, नाही तर उंदीर व साप आत जातात. आरे किंवा येऊरच्या बाजूस राहणाऱ्यांस बिबट्याचाही विचार करावा लागतो. तेथे नुसती जाळी पुरत नाही, लोखंडी गज हवेत. छपराची वळचण दोन ते तीन फूट पुढे काढावी. पत्रा घातलाच तर त्यावर नारळीचे झाप अंथरावेत, कारण एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पत्र्याखाली दुपारी कोंबडी भाजून निघते. जुनी नळीची कौले मिळाली तर त्यासारखे छप्पर नाही.

बसण्याच्या दांड्या दोन, प्रत्येकी पाच फूट लांब, आणि दोन्ही एकाच उंचीवर असाव्यात. एक वर व एक खाली अशा ठेवल्या तर साऱ्या कोंबड्या वरचीसाठी भांडतात, व जी दुबळी ती खाली बसून रात्रभर वरच्यांची घाण अंगावर घेते. गिरिराज किंवा वनराज यांसारख्या सुधारलेल्या जातीच्या कोंबड्या वर्षास शंभराहून अधिक अंडी देतात खऱ्या, परंतु त्या अंगाने जड असतात. त्यांच्यासाठी दांडी तळापासून फूटभर उंचीवरच ठेवावी. उंचावरून उडी टाकून त्यांचे पाय दुखावतात. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक फूटभराचे खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले म्हणजे झाले.

असे खुराडे जुन्या लाकडातून व बांबूतून दोन दिवसांत उभे राहते. त्यास सुतारच पाहिजे असे नाही.

खुराड्यातच राहणारा आणखी एक शत्रू आहे, व तो दिवसा कधीच दिसत नाही. दांडीच्या टोकांशी, फळ्यांच्या सांध्यांत राईच्या दाण्याहून बारीक असे किडे दिवसभर दडून राहतात, व रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबड्यांचे रक्त पितात. रक्त प्याल्यावर ते तांबडे दिसतात. कोंबड्यांचे तुरे फिके पडले, अंडी कमी झाली, आणि विशेषतः तिन्हीसांजेस त्या खुराड्यात जाण्यास नाखूष झाल्या की हा संशय घ्यावा. रात्री बत्ती घेऊन दांडीच्या टोकावरून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर तांबडे डाग उमटले तर खात्री झाली. अशा वेळी कोंबडीच्या अंगास औषध चोळून काही उपयोग नाही, कारण शत्रू अंगावर राहत नाही, घरात राहतो. दांड्या काढून कढत पाण्याने धुवाव्यात, त्यांच्या टोकांस रॉकेल लावावे, व सारे खुराडे आतून चुन्याने पोतारावे; आठवड्याने पुन्हा तसेच करावे, कारण अंड्यांतून नवीन पिढी निघते. उवांची गोष्ट वेगळी. त्या अंगावरच राहतात, व त्यांवर कोंबडीचा स्वतःचा उपाय म्हणजे धुळीत लोळणे. पावसाळ्यात सर्वत्र चिखल असल्यामुळे तिला कोरडी धूळ मिळत नाही. तेव्हा एका पसरट खोक्यात चुलीची राख व कोरडी माती मिसळून पडवीत ठेवावी.

पिल्लांच्या बाबतीत ओलीचा परिणाम फार लवकर दिसतो. तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले पंख पाडून गोळा होऊन बसतात व विष्ठेत रक्त दिसू लागते, ती रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिओसिस. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून रोगाची बीजे बाहेर पडतात, परंतु ती लगेच रोग उत्पन्न करीत नाहीत. उबदार ओल्या भुशात एक-दोन दिवस राहिल्यावर ती पक्व होतात. भुसा कोरडा असेल तर त्यांतील पुष्कळशी मरतात. नेहमीच्या फिनेलास ही बीजे दाद देत नाहीत. कोरडेपणा व ऊन यांपुढे मात्र त्यांचे चालत नाही. यास्तव पाण्याचे भांडे विटेवर उंच ठेवणे, भोवतीचा ओला भुसा रोज काढून टाकणे, व पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवणे, एवढ्यानेच हा रोग पुष्कळ आटोक्यात येतो. झालाच तर पशुवैद्याच्या सांगण्यावरून अँप्रोलियम पाण्यातून द्यावे.

देवीचा रोगही येथे वरचेवर दिसतो. तुऱ्यावर, गालावर व डोळ्यांभोवती काळ्या खपल्या धरतात. तो डासांमार्फत पसरतो, व खाडीकाठी कांदळवनाशेजारी राहणाऱ्यांस डासांविषयी मी काय सांगावे! या रोगाची लस पंखाच्या पातळ पडद्यास टोचतात. ती साधारण सहा-आठ आठवड्यांच्या वयात टोचून घ्यावी.

खाण्याचा विषय वेगळ्या लेखाचा आहे, परंतु वेसाव्यासारख्या ठिकाणी त्यातील दोन-तीन गोष्टी आरोग्याशी इतक्या निगडित आहेत की त्या वगळता येत नाहीत. समुद्रकाठच्या लोकांस एक मोठा लाभ आहे, तो वाळलेल्या जवळ्याचा व मासळीच्या कुटीचा. धान्यातून न मिळणारी मांसवर्धक द्रव्ये त्यातून मिळतात, व पिल्ले झपाट्याने वाढतात. मात्र हे खाद्य एकंदर खुराकाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असू नये. नाही तर अंड्यास मासळीचा वास येतो. आणि ती मासळी बिनमिठाची असली पाहिजे. खारवलेल्या मासळीचे डोके-शेपटी कोंबड्यांस टाकण्याची रीत घरोघरी आहे. कोंबडीस मिठाची बाधा फार लवकर होते, आणि त्यातच पाण्याचे भांडे रिकामे असले तर ती खूप तहानलेली, पातळ हगणारी, लटपटणारी होऊन मरते. लोक त्यास साथ समजतात. खारी मासळी द्यायचीच झाली तर रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे. न देणे हे त्याहून बरे. उलट, तिसऱ्या व कालवे यांची टरफले, जी आपण ढिगांनी टाकून देतो, ती भाजून जाडसर कुटून ठेवली तर अंड्याच्या कवचास लागणारा चुना फुकट मिळतो.

शेंगदाण्याची पेंड व मका पावसाळ्यात बुरसतात. बुरशी झटकून ते कोंबड्यांस घालणे म्हणजे विष घालणेच होय. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले, तेव्हा प्रथम तो नवीन रोग समजला गेला. पुढे शोधाअंती ते बुरसलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचे विष असल्याचे ठरले, व त्यास अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. हे विष शिजविल्यानेही सहसा नष्ट होत नाही. म्हणून श्रावणापुरते खाद्य वैशाखात भरून ठेवू नये, दर पंधरवड्यास थोडे थोडे आणावे.

येथवर सांगितलेले रोग एका खुराड्यापुरते असतात. परंतु जे रोग एका दारातून दुसऱ्या दारात जातात त्यांची गोष्ट निराळी आहे, व त्यांत राणीखेत हा सर्वांत वाईट. १९२६-२७ च्या सुमारास जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तो प्रथम ओळखला गेला. लगेच १९२७ साली आपल्याकडे कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला व त्या गावाचे नाव त्यास चिकटले. आपल्याकडील लोक त्यास मानमोडी म्हणतात, ते अधिक समर्पक आहे. कोंबडी चोच वासून श्वास घेते, हिरवट पांढरी हगते, पंख लुळे पडतात, मान वळते, आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. ज्यांनी लस टोचलेली नाही अशा कळपात शंभरांपैकी नव्वद मरणे यात काही आश्चर्य नाही. या रोगावर औषध नाही. हळद, लसूण, कडुनिंबाचा पाला यांनी अपाय होत नाही, परंतु राणीखेतीवर त्यांचा इलाज चालतो असे जो सांगेल त्याच्याकडून कोंबडीही विकत घेऊ नये.

हा रोग घरात येतो कसा, याचा विचार केला तर आपलेच हात पुढे येतात. जत्रेसाठी किंवा देवास वाहण्यासाठी बाजारातून कोंबडा आणावयाचा व दोन दिवस घरच्या कोंबड्यांत सोडावयाचा; मांसाच्या दुकानातून आणलेली कोंबडी परसात धुवावयाची व तिची आतडी-पिसे उकिरड्यावर टाकावयाची; रस्त्यावर हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्ले मुलांच्या हट्टासाठी घ्यावयाची. या शेवटच्या प्रकाराचा मला विशेष राग येतो. ती पिल्ले बहुधा अंड्यांच्या पैदास केंद्रांतून टाकून दिलेली नर पिल्ले असतात, त्यांस लस मिळालेली नसते, व मूल दोन दिवस खेळून रडते तेवढ्यात रोग घरच्या खुराड्यात बसलेला असतो. नवीन आणलेला कोणताही पक्षी तीन आठवडे दूर, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा, व त्याचे काम घरच्या कोंबड्यांचे काम झाल्यावर करावे.

बर्ड फ्लूची लक्षणेही पुष्कळदा राणीखेतीसारखीच दिसतात: एकाएकी मृत्यू, सुजलेले डोके, निळसर झालेला तुरा. नुसत्या नजरेने दोहोंतील भेद अनुभवी पशुवैद्यासही सांगता येत नाही. नमुने प्रयोगशाळेत जावे लागतात, व शेवटचा निर्णय भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा. आपल्या देशात हा रोग कोंबड्यांत प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत, आणि मुंबई व ठाणे येथे मेलेल्या कावळ्यांत तो निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली, जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर. म्हणजे तो आता आमच्या शेजारी येऊन गेला आहे. माणसास त्याची बाधा क्वचित होते, परंतु झाली तर जिवावर बेतते. म्हणून आजारी कोंबडी घाईने कापून खाण्याचा जो मोह होतो तो या एका कारणासाठी आवरला पाहिजे. कापताना व पिसे काढतानाच धोका सर्वांत अधिक असतो.

येथे कायद्याचा थोडा भाग सांगणे माझ्या जुन्या पेशास धरून होईल. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या केंद्रीय अधिनियमान्वये राणीखेत व बर्ड फ्लू हे दोन्ही रोग अनुसूचित आहेत, व संशय येताच गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लोक कळवीत नाहीत, कारण सर्व कोंबड्या मारून टाकतील असे भय वाटते. बर्ड फ्लू निश्चित झाल्यास एक किलोमीटरच्या आतील पक्षी खरोखरच मारले जातात, व दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवली जाते. परंतु नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मरून गेलेल्यांची मिळत नाही. जो लपवितो त्याच्या कोंबड्या दिवसागणिक मरत जातात, आणि पथक येते तेव्हा दाखविण्यास त्याच्याजवळ काही उरत नाही. पंचनाम्यात "होत्या" असे लिहून भरपाई निघत नाही, "आहेत" असेच लिहावे लागते. शेजाऱ्याच्या कोंबड्यांचे जे होते ते वेगळेच.

मेलेली कोंबडी खाडीत, समुद्रात किंवा कचऱ्याच्या ढिगावर टाकण्याची सवय आमच्याकडे सार्वत्रिक आहे. भरतीचे पाणी ती दुसऱ्याच्या दारी आणून सोडते, व कावळे आणि कुत्री राहिलेले काम पुरे करतात. हातास पिशवी बांधून, तोंडास फडके लावून मेलेला पक्षी उचलावा. तीन फूट खोल खड्ड्यात चुना, पक्षी, पुन्हा चुना व माती असे पुरावे. खड्डा विहिरीपासून दूर असावा. एकाहून अधिक पक्षी एकदम मेले तर मात्र पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, कारण नमुना त्यांस हवा असतो.

आता राहिली लस. राणीखेतीची लस फार वर्षांपासून उपलब्ध आहे, ती स्वस्त आहे, आणि पुण्यास औंध येथील सरकारी संस्थेतही ती तयार होते. तरी परसातील कोंबड्यांपर्यंत ती पोचत नाही. याचे कारण आळस नव्हे, तर कुपी आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची लस असते, आणि एकदा पाण्यात कालविली की ती दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकाने एक कुपी घेऊन नव्वद मात्रा फेकाव्यात हे त्यास पटत नाही, व त्यात त्याचे चुकते असेही नाही. हे काम एकेका घराचे नाही, दहा-पंधरा घरांनी मिळून एका दिवशी करण्याचे आहे, आणि आपल्या संस्थेसारख्या संस्थांस ते सहज करता येण्यासारखे आहे. मे महिन्याच्या पूर्वार्धात एक दिवस ठरवावा; एका वहीत घराचे नाव, कोंबड्यांची संख्या, पिल्लांची संख्या, वर्षात मेलेल्यांची संख्या एवढेच चार रकाने असावेत. दुसऱ्या वर्षी तीच वही पुढे ठेवली म्हणजे कोणाचे खुराडे बदलावे लागेल ते वही स्वतःच सांगेल.

त्या दिवशी कोंबड्या आदल्या रात्रीपासून कोंडून ठेवाव्यात, म्हणजे धरपकड होत नाही. पाच ते सात दिवसांच्या पिल्लांस लासोटा जातीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात घालावा. सहा ते आठ आठवड्यांवरील, पूर्वी लासोटा मिळालेल्या पक्ष्यांस आर-टू-बी जातीची अर्धा मिलिलिटर लस पंखाखाली टोचावी. आजारी दिसणाऱ्या पक्ष्यास त्या दिवशी टोचू नये. ऐन अंड्यावर असलेल्या कोंबडीची अंडी टोचल्यावर काही दिवस कमी होतात, त्याने घाबरू नये. कुपी दवाखान्यापासून बर्फाच्या पेटीतच आणावी, सावलीत उघडावी, व सोबत दिलेल्या द्रवातच कालवावी. लासोटा पाण्यातून द्यावयाची असल्यास नगरपालिकेच्या नळाचे पाणी घेऊ नये, कारण त्यातील क्लोरीनने लस मरते. विहिरीचे स्वच्छ पाणी घ्यावे, व त्यात लिटरास पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी घालावी. दोन तासांनंतर उरलेली लस उद्यासाठी ठेवू नये. कुपी व सुया पाण्यात उकळून मगच टाकून द्याव्यात.